सहा आण्यांचा दगड

‘दगड’ हा शब्द आपल्या हॉस्टेलवर बहुधा व्हायव्हा देऊन आलेल्या माणसाला उद्देशून वापरतात. पण सिव्हिलवाल्यांना खरेखुरे दगडही अभ्यासाला असतात. इंजिनिअरिंग जिऑलॉजीच्या लॅबमध्ये ट्रेमध्ये मांडलेले, पांढऱ्या रंगाने नंबर टाकलेले. आता खरं सांगायचं तर ते दगड कोणी ओळखत नाही, नंबर ओळखतात. ‘१४ नंबर, कोपरा फुटलेला, म्हणजे ऑर्थोक्लेज.’ नंबर पुसला की अख्खी बॅच गार!

मित्रांनो, हा लेख नंबर नसलेल्या दगडाबद्दल आहे. जिऑलॉजी लॅबमध्ये मागच्या भिंतीला एक काचेचं कपाट आहे. त्यातल्या खालच्या दोन खणांमध्ये एका जुन्या संग्राहकाचे नमुने आहेत. ते गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी ते कॉलेजला दिले. सिगारेटच्या पत्र्याच्या डब्या, कापूस, वर्तमानपत्राचे तुकडे, आणि प्रत्येकात एक दगड. यंदा डेड स्टॉक व्हेरिफिकेशन निघालं तेव्हा प्रश्न आला की रजिस्टरमध्ये यांची नावं काय? ज्याचं नाव नाही त्याची नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही ते निर्लेखित करायचं, म्हणजे सरळ भाषेत बाहेर टाकायचं. म्हणून सरांनी आम्हा चौघांना एकेक डबी वाटून दिली आणि ‘नाव शोधा’ म्हणाले.

माझ्या वाटणीला आलेला नमुना मुठीएवढा. काळा ट्रॅप, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा नेहमीचा बेसॉल्ट. त्यात वाटीसारखी पोकळी. पोकळीच्या कडेने फिकट गुलाबी, गव्हाच्या पेंढीसारखे बांधलेले स्फटिक. त्यावर दोन-तीन टपोरे, किंचित हिरवट, काचेसारखे चौकोनी स्फटिक. मध्ये पांढऱ्या सुयांचा झुपका, एका बिंदूपासून पंख्यासारखा पसरलेला. आणि एका कोपऱ्यात खडूच्या भुकटीसारखं काहीतरी, बोट लावलं तर सुटेल असं. डबीत इंग्रजीत लिहिलेलं पिवळं पडलेलं लेबल : ‘नॅट्रोलाइट. भोर घाट. सहा आणे.’

पेंढी म्हणजे स्टिल्बाइट आणि टपोरे चौकोनी म्हणजे अपोफिलाइट, हे पुण्या-नाशिककडे दगड बघितलेला कोणीही सांगेल. अनोळखी होत्या दोन गोष्टी : सुया आणि भुकटी.

पुस्तकात खनिज ओळखायच्या ज्या चाचण्या दिलेल्या असतात त्यांतल्या निम्म्या नमुन्याचं वाटोळं करतात, हे आधी लक्षात घ्यायला हवं. फ्रीडरिश मोह्स यांनी १८१२ साली कठिनतेची दहा पायऱ्यांची मोजपट्टी केली. नख साधारण अडीचवर, चाकूचं पातं आणि खिडकीची काच साडेपाचच्या आसपास, क्वार्ट्झ सातवर. उत्तम. पण कठिनता बघायची म्हणजे ओरखडा काढायचा, आणि ऐंशी वर्षं कापसात जपलेल्या सुईवर ओरखडा काढला की सुई उरत नाही. ॲसिडचा थेंब टाकला तर फेस येतो की नाही यावरून कॅल्साइट कळतं, पण ॲसिड शेजारच्या झिओलाइटलाही खातं. भाजून बघायची चाचणी तर विचारूच नका.

पावडरचा रंग बघण्याच्या चाचणीला इंग्रजीत स्ट्रीक म्हणतात. मराठी विश्वकोशात तिला चक्क ‘कस’ असा शब्द आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे हे वाचून मी उडालेच! सोनार सोनं ज्या काळ्या दगडावर घासून बघतो ती कसोटी, आणि उमटते ती रेघ म्हणजे कस. ‘कसाला उतरणे’ आपण रोज म्हणतो आणि ती खनिजशास्त्राची चाचणी आहे हे कोणी सांगत नाही. असो. आमच्या सुयांचा कस पांढरा असणार हे न घासताही कळत होतं, कारण असल्या बहुतेक पांढऱ्या सिलिकेटांचा कस पांढराच असतो. म्हणजे इथे त्याचा उपयोग शून्य.

मग करायचं काय? डबीचा तळ बघायचा. जुन्या नमुन्याच्या डबीत तळाला नेहमी थोडा चुरा पडलेला असतो. तो चुरा म्हणजे सोनं आहे. आपण साफसफाईच्या नादात पहिल्यांदा तोच झटकतो. लॅबचे मामा ओलं फडकं घेऊन मदतीला आले होते, त्यांना थांबवावं लागलं. पाणी हा तर या नमुन्यांचा शत्रूच. मुंबई-पुण्याकडच्या ट्रॅपमध्ये ओकेनाइट नावाचं खनिज मिळतं, कापसाच्या बोंडासारखे पांढरे गोळे. त्याला एकदा पाणी लागलं किंवा बोट दाबलं की तंतू चिकटून बसतात ते कायमचे. फुंकरही मारायची नाही. त्याने सुया मोडतात हे एक, आणि दुसरं कारण आपल्या फुप्फुसांचं. झिओलाइटमधलं एरिओनाइट नावाचं तंतुमय खनिज श्वासावाटे गेलं तर कॅन्सर करतं हे सिद्ध झालेलं आहे. अनोळखी पांढऱ्या तंतूंना नाकाजवळ नेऊन वास घेण्याची हौस नको.

दगडाला हात लावण्याआधी लेबल वाचलं. पोलीस पंचनाम्यात चिठ्ठी वाचतात तसं.

‘सहा आणे’ ही पहिली खूण. आपल्याकडे दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली. त्यानंतरही काही वर्षं लोक आण्यांत बोलत होते, पण कागदावर आण्यांत लिहिलेली किंमत साधारण १९६०च्या आधीची धरायला हरकत नाही. याच पद्धतीने बाकीच्या डब्यांची वयंही लागली. एका छापील लेबलवर विक्रेत्याच्या पत्त्यात सहा आकडी पिन कोड होता. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, म्हणजे ते लेबल त्यानंतरचं. एकावर ‘ह्यूलँडाइट-सीए’ असं शेपूट लावलेलं नाव होतं. झिओलाइटांच्या नावांना कॅल्शियम-सोडियमची अशी शेपटं लावायचा नियम १९९७ सालचा, म्हणजे ते लेबल कोणीतरी नंतर बदललेलं. शाई, कागद, स्पेलिंग, सगळं बोलतं. पुण्याच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ‘एच’ असेल तर थेट एकोणिसाव्या शतकात जायचं.

नावावर मात्र फार भरवसा ठेवायचा नाही, कारण नावं फिरतात. जुन्या जर्मन पुस्तकांमध्ये ‘स्टिल्बिट’ म्हणजे आपण ज्याला ह्यूलँडाइट म्हणतो ते, आणि आपल्या स्टिल्बाइटला ते ‘डेस्मिन’ म्हणत. म्हणजे लेबल लिहिणारा जर्मन पुस्तक वापरत होता की इंग्रजी, यावर दगड कोणता ते ठरायचं! आपल्या पुण्याच्या नावाचंही एक खनिज होतं, ‘पूनालाइट’. एच. जे. ब्रुक या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाने १८३१ साली पुण्याकडून आलेल्या पांढऱ्या सुयांना हे नाव दिलं. याच ब्रुकने त्याआधी १८२२ साली ह्यूलँडाइट वेगळं काढलं होतं, म्हणजे माणूस कच्चा नव्हता. पण पुढच्या तपासण्यांमध्ये पूनालाइट वेगळं खनिज ठरलं नाही, ते स्कोलेसाइट-मेसोलाइटच्या घरातलंच निघालं आणि नाव बाद झालं. पुण्याचा अभिमान असणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये. पांढऱ्या सुयांनी भल्याभल्यांना फसवलं आहे एवढाच याचा अर्थ, आणि आमच्यासमोर नेमक्या पांढऱ्या सुयाच होत्या.

राहिलं ‘भोर घाट’. इथे एक गंमत आहे. आमच्यातल्या निम्म्या जणांना वाटलं हा भोर गावाजवळचा घाट. नाही. भोर संस्थानचं भोर वेगळीकडे. भोर घाट म्हणजे आपला खंडाळ्याचा घाट, ज्यातून मुंबई-पुणे रेल्वे चढते. आणि त्या घाटाचा दगडांशी फार जवळचा संबंध आहे.

जीआयपी रेल्वेने घाटाचं काम १८५६ साली सुरू केलं आणि १८६३ साली मार्ग खुला झाला. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली. सगळ्यात तीव्र चढ १:३७, ज्यासाठी आजही बऱ्याच गाड्यांना मागून बँकर इंजिन लावावं लागतं. कंत्राटदार सोलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आला आणि काही दिवसांतच वारला. त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे चालवलं आणि काम तडीस नेलं. (सिव्हिलच्या पुस्तकांत ही बाई का नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय.) बोगदे आणि कटिंगसाठी हजारो मजूर ट्रॅप फोडत होते. साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी त्यांतले कितीतरी मेले. आणि फोडलेल्या कातळातून जे चमकदार स्फटिक निघत ते साहेब लोक गोळा करून विलायतेला पाठवत. इंग्लंडमधल्या संग्रहांत भोर घाटाचे झिओलाइट पोचले ते असे. पण यातून एक अडचणही होते : घाट प्रसिद्ध झाल्यावर आसपासच्या कुठल्याही दगडाला ‘भोर घाट’ लिहायची सवय लागली असू शकते. म्हणून ठिकाण जसंच्या तसं उतरवायचं, पण डोळे मिटून मानायचं नाही.

आता दगडाकडे वळू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर एकावर एक पसरले. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि पोकळ्या राहतात. नंतर त्यांतून कोमट-गरम पाणी झिरपत राहतं. ते आजूबाजूच्या बेसॉल्टमधून कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिका विरघळवून आणतं आणि पोकळीच्या भिंतीवर जमा करतं. पाण्याचं तापमान आणि रसायन बदललं की वेगळं खनिज वाढायला लागतं. जनरलच्या डब्यासारखं आहे हे. जो आधी चढला तो भिंतीला टेकून बसला, नंतरचे त्याच्या अंगावर. त्यामुळे कोण कोणावर बसलंय एवढं नीट पाहिलं तरी क्रम कळतो. भिंगातून आमच्या नमुन्यात दिसलं ते असं : भिंतीला स्टिल्बाइट, त्यावर सुया, आणि सुयांची टोकं एका अपोफिलाइटच्या पोटात शिरलेली. म्हणजे सुया अपोफिलाइटच्या आधीच्या. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण स्फटिकाच्या पोटात गेलेली सुई कोणी नंतर डिंकाने चिकटवलेली असू शकत नाही. बाजारात असले ‘जोडकाम’ केलेले नमुने येतात. संशय असेल तर अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारायचा. बरेचसे आधुनिक गोंद निळसर-पांढरे उजळतात. आमच्यात काही उजळलं नाही.

सुया कोणत्या? झिओलाइटांमध्ये तीन सख्खी भावंडं आहेत : नॅट्रोलाइट, मेसोलाइट, स्कोलेसाइट. तिघांचा सांगाडा एकच, ॲल्युमिनियम-सिलिका-ऑक्सिजनच्या साखळ्यांचा. फरक एवढाच की साखळ्यांमधल्या जागेत नॅट्रोलाइटमध्ये सोडियम बसतं, स्कोलेसाइटमध्ये कॅल्शियम, आणि मेसोलाइटमध्ये दोन्ही. (शिवाय पाणी. झिओलाइट या शब्दाचा अर्थच ‘उकळणारा दगड’. स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी १७५६ साली तापवलेला नमुना फसफसताना पाहून हे नाव दिलं.) तिघेही पांढरे, तिघेही सुईसारखे, तिघांची कठिनता पाच ते साडेपाच. घनताही इतकी जवळजवळ की लॅबच्या तराजूवर चिमूटभर चुऱ्याने काही ठरणार नाही. आता सांगा, नख आणि चाकू घेऊन काय दिवे लावणार?

भिंगाने थोडं काम होतं. १० पटीचं भिंग घ्यायचं, नमुना हलवायचा नाही, प्रकाश फिरवायचा. नॅट्रोलाइटच्या सुईचा छेद जवळपास चौरस आणि टोकाला चार बाजूंचं बुटकं पिरॅमिड. स्कोलेसाइटचे स्फटिक बहुधा जुळे असतात. त्यामुळे जाड सुईच्या एका बाजूवर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या, पिसावरच्या रेघांसारख्या बारीक रेघा दिसू शकतात. आम्हाला दोन सुयांवर तसं काहीतरी दिसलं. ‘काहीतरी’ एवढंच. तिघांपैकी एकाला रेघा दिसल्या, दुसऱ्याला नाहीत, तिसरा म्हणाला तुम्ही सांगितल्यावर दिसायला लागल्या!

खरा निकाल दिला तो पोलरायझिंग मायक्रोस्कोपने. हे यंत्र जिऑलॉजी लॅबमध्ये कव्हर घालून ठेवलेलं असतं आणि प्रॅक्टिकलला लांबून दाखवतात. तत्त्व सोपं आहे. दोन पोलरॉइड एकमेकांना काटकोनात ठेवले की प्रकाश अडतो, सगळं काळं. मध्ये स्फटिकाचा तुकडा ठेवला तर तो प्रकाशाची कंपनं दोन दिशांत वाटून घेतो, म्हणून उजळ दिसतो. पण स्टेज फिरवत गेलात तर एका स्थितीत स्फटिकाच्या कंपनदिशा पोलरॉइडच्या दिशांशी जुळतात आणि तो विझतो. आता बघायचं की विझताना सुईची लांबी आयपीसमधल्या क्रॉसवायरला समांतर आहे का तिरकी. नॅट्रोलाइट समांतर विझतं, कारण त्याच्या स्फटिकाची सममिती तशी आहे. स्कोलेसाइट तिरकं विझतं, जास्तीत जास्त १८ अंशांच्या आसपास. मेसोलाइट जवळजवळ समांतरच, पण ते मुळात इतकं मंद उजळतं की करड्या रंगाच्या पलीकडे जात नाही.

डबीच्या तळातला चुरा स्लाइडवर तेलाच्या थेंबात घेतला. बारा सुया मोजल्या. एका सुईवर विसंबून चालत नाही, कारण स्कोलेसाइटची सुई ज्या कुशीवर पडली असेल त्याप्रमाणे कोन कमी दिसतो, काही बाजूंनी तर सरळच. म्हणून अनेक सुया मोजून सगळ्यात मोठा कोन धरायचा. आमच्या चार सुया जवळपास सरळ विझल्या, बाकीच्या तिरक्या, सगळ्यात मोठा कोन १७ अंश. मग जिप्समची पट्टी घालून बघितलं. सुई लांबीच्या दिशेने पट्टीच्या संथ दिशेला समांतर ठेवली तर नॅट्रोलाइट निळं व्हायला हवं, स्कोलेसाइट पिवळं. पिवळं झालं. त्या क्षणी लॅबमध्ये जो आरडाओरडा झाला तो शेजारच्या सर्व्हे लॅबमध्ये ऐकू गेला.

खात्रीसाठी मेटलर्जीच्या एका पीजी सिनिअरने मेहेरबानी केली. त्याचे स्वतःचे नमुने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला लागणार होते, त्या स्टबच्या कोपऱ्यात त्याने आमचा एक कण चिकटवला. मूलद्रव्यांच्या आलेखात सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम. सोडियमचं शिखर नाही. म्हणजे नॅट्रोलाइट नाही, मेसोलाइटही नाही. स्कोलेसाइट. दख्खनच्या ट्रॅपमध्ये तेच भरपूर सापडतं, नॅट्रोलाइट त्या मानाने क्वचित, त्यामुळे निकाल ठिकाणाशीही जुळतो. (सोडियमसाठी ज्योतीची चाचणी करा असं एकाने सुचवलं होतं. करू नका. बोटाच्या घामातल्या मिठानेही ज्योत पिवळी होते.)

सगळीकडे हे यंत्र पुरतं असं मात्र नाही. वाघोलीच्या दगडखाणींमुळे जगभर गेलेलं निळं कॅव्हनसाइट घ्या. त्याचा भाऊ पेंटागोनाइट. दोघांत कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका, पाणी, सगळं त्याच प्रमाणात, निळा रंगही तसाच. दोघांचं वर्णन १९७३ साली अमेरिकेतल्या ऑरेगॉनच्या नमुन्यांवरून एकत्रच झालं. मूलद्रव्यं मोजून ते वेगळे करता येणार नाहीत, कारण फरक अणूंच्या मांडणीत आहे. तिथे एक्सआरडी लागतो, किंवा पेंटागोनाइटचे पाच पाकळ्यांचे जुळे स्फटिक दिसायचं नशीब. सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये हे असले नमुने काचेआड छान मांडलेत, औद्योगिक भेटीच्या वाटेवर असेल तर जरूर उतरा.

आता ती कोपऱ्यातली भुकटी. मला विचाराल तर नमुन्यातला सगळ्यात मजेदार भाग हाच. सुयांबद्दल प्रश्न एवढाच होता की तिघांतलं कोण. भुकटीबद्दल आधी हेच ठरवायला हवं की ती दगडात जन्मली का कपाटात!

हसू नका. जुन्या कपाटांत खनिजं वाढतात. ओकच्या लाकडातून वर्षानुवर्षं ॲसेटिक ॲसिडची वाफ सुटत असते, आणि ती चुनखडी, शिंपले, कॅल्साइट यांच्यावर बसून त्यांना पांढरी लव आणते. ब्रुसेल्सच्या म्युझियममधल्या जुन्या नमुन्यांवर असलेल्या अशाच एका क्षाराला १९४५ साली ‘कॅल्क्लेसाइट’ हे नावही मिळालं. कॅल्शियम, क्लोरिन आणि ॲसेटेट. म्हणजे संग्राहकाने जमवलेला दगड एक आणि त्याच्या फर्निचरने तयार केलेलं खनिज दुसरं. प्लायवुडही या बाबतीत साधं नाही. पायराइट-मार्कसाइटचं आणखी वाईट. दमट हवेत त्यांचं सल्फेट आणि सल्फ्युरिक ॲसिड होतं, दगड फुटतो आणि खालचं लेबल जळाल्यासारखं काळं पडून तुकडे होतं. आणि काही वेळा दोष संग्राहकाचाच. गंजाचे डाग काढायला नमुना ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये बुडवतात, त्यात कॅल्साइट असेल तर वर कॅल्शियम ऑक्झलेटचा पांढरा थर बसतो, जो मग काही केल्या जात नाही.

भुकटीचेही सुटलेले चार कण मिळाले होते, त्यांच्यावर क्रमाने प्रयोग केले. पहिला पाण्याच्या थेंबात, भिंगाखाली. विरघळला नाही, म्हणजे ॲसेटेट किंवा तसला कपाटातला क्षार नाही. दुसरा सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये. फेस नाही, म्हणजे कॅल्साइटची पूड नाही. तिसरा स्पॅट्युलावर मंद तापवून मग ॲसिडमध्ये. ऑक्झलेट असतं तर तापल्यावर त्याचं कार्बोनेट झालं असतं आणि आता फेस आला असता. आला नाही. चौथा राखून ठेवला. त्यानंतर पुन्हा नमुन्याकडे भिंग लावलं. भुकटी भुकटी म्हणत होतो, पण तिचा आकार शाबूत होता : छोट्या चौकोनी कांड्या, टोकाला तिरक्या छाटलेल्या, आणि आत बारीक भेगांनी पूर्ण खिळखिळ्या.

हे वर्णन लॉमोंटाइटला बसतं. हेसुद्धा कॅल्शियमचं झिओलाइट, पण त्याचं पाणी त्याच्यात नीट बांधलेलं नसतं. खाणीतून काढलं, कोरड्या हवेत ठेवलं की थोडं पाणी उडून जातं, स्फटिक आकसतो, पांढरा पडतो आणि भुगा होतो. म्हणजे संग्राहकाने घरी आणला तेव्हा तो कोपरा कदाचित स्वच्छ, पारदर्शक असेल. पाणी उडालं तेव्हा खूण म्हणून आकार मागे राहिला. पुन्हा ओलावा दिला तर पाणी काही प्रमाणात परत शिरतं, पण तुटलेली कांडी जुळत नाही. सिव्हिलवाल्यांनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही. बांधकामाच्या खडीत किंवा धरणाच्या पायात लॉमोंटाइट असलेला दगड आला तर ओलं-सुकं होण्याच्या चक्रात तो टिकत नाही.

तरी हे नाव अजून पेन्सिलीनेच. आकार आणि तीन नकार एवढ्यावर छातीठोक सांगता येत नाही. राखून ठेवलेला चौथा कण सर एक्सआरडीला पाठवणार आहेत.

एक वाद मात्र झाला. सुया स्कोलेसाइट निघाल्यावर एक मित्र म्हणाला, आता जुनं लेबल फेकून द्या, चुकीचंच आहे. सरांनी साफ नाही म्हटलं, आणि मला ते पटलं. नॅट्रोलाइट हे नाव चुकलं, पण ते आम्ही दगडाकडून काढून घेऊ शकलो, उद्या आमचं चुकलं तर पुढची बॅच काढून घेईल. भोर घाट हे मात्र दगडाला विचारून कळलं नसतं. अपोफिलाइट, स्टिल्बाइट, स्कोलेसाइट ही त्रयी दख्खनात ठिकठिकाणी मिळते. कुठल्या कटिंगमधून, कुठल्या काळात, ही माहिती फक्त त्या पिवळ्या कागदावर आहे, तो कागद गेला की ती गेली. आमच्यातल्या एका डबीत सुंदर ह्यूलँडाइट आहे आणि लेबल कसरीने खाल्लंय. नाव आम्ही अर्ध्या तासात सांगितलं, ठिकाण कोणालाच सांगता येणार नाही.

त्यामुळे आता डबीत दोन कागद आहेत. जुना तसाच, पारदर्शक पाकिटात. नवा असा : ‘स्कोलेसाइट (पूर्वी नॅट्रोलाइट असे लेबल). सोबत स्टिल्बाइट, फ्लोरअपोफिलाइट, लॉमोंटाइट? जुन्या लेबलनुसार भोर घाट. ओळख पोलरायझिंग मायक्रोस्कोप व मूलद्रव्य चाचणीने.’ खाली तारीख. प्रश्नचिन्ह ही छपाईची चूक नाही, कृपया दुरुस्त करू नये.

डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदही झाली, फक्त एक रकाना रिकामा आहे. ‘किंमत’ लिहिल्याशिवाय ऑफिस सही करत नाही आणि मध्ये ‘देणगी’ लिहिलेलं चालत नाही म्हणे. मामांचं म्हणणं, जुन्या लेबलवर आहे तीच लिहा. आणे आता कोणत्या रकान्यात लिहायचे हे विचारायला सर ऑफिसात गेले आहेत.